पाव्लिकची काच आणि एर्नाचं ऊन

एवाल्ड पाव्लिककडे जायचं तर कपाळ सांभाळून जावं लागतं. त्याच्या घरातली काच दिसतच नाही. मी दोनदा थडकले आहे, पोस्टमन एकदा थडकलाय, आणि आमचा ब्रुगेमान तर आलुबुखारच्या केकच्या ताटासकट आपटला होता. कोणी थडकलं की एवाल्डला आतून बरं वाटतं. "लागलं का?" असं तो विचारतो खरा, पण विचारता विचारता खिशातून पिवळं फडकं काढून आधी काच पुसतो आणि मग माणसाकडे बघतो.

चव्वेचाळीस वर्षं त्याने काचा बसवल्या. आमच्या खाणवसाहतीतली एकशे ऐंशी घरं एकाच लाल विटेची आणि एकाच घडणीची. खाण बंद झाली, धुराडं पाडलं, पण खिडक्या अजून एवाल्डच्याच आहेत. मी पोस्टात एकतीस वर्षं ज्या काचेमागे बसून तिकिटं विकली, ती काचही त्याचीच. काम संपलं की घरच्या बाईला बोलवून खिडकीपुढे उभं करायचं आणि विचारायचं, "बघा, काही अडतंय का?" बाई म्हणायची, "काहीच नाही." मग हा फडकं खिशात घालून निघायचा. "मी काच विकत नाही, लोकांच्या घरात उजेड बसवतो," हे त्याचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तो "मी काच" म्हणाला की उरलेलं आम्हीच पूर्ण करतो.

त्याची बायको मारलिस बेकरीच्या गल्ल्यावर असायची. एवाल्ड जितका बडबड्या तितकी ही कमी बोलणारी, पण जे बोलायची ते नेमकं. साठीच्या आत तिची हाडं पातळ व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि रोज उन्हात बसा. आता आमच्याकडचं ऊन म्हणजे वर्षातून थोडे दिवस, तेही वाऱ्यासकट, आणि मारलिसची छाती अशी नाजूक की वारा लागला की आठवडाभर खोकला. एवाल्डने यावर जे केलं त्याचं साऱ्या वसाहतीने कौतुक केलं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने मागचा दक्षिणेकडचा व्हरांडा जमिनीपासून छपरापर्यंत काचेने मढवला. आत तिची वेताची खुर्ची. बाहेर बर्फ असला तरी आत मारलिस उन्हात, पायात नुसते मोजे. मला तिचा हेवा वाटायचा, हे कबूल करते.

अकरा वर्षं ती त्या खुर्चीत बसली. त्यात आधी मनगट मोडलं, मग दोन वर्षांपूर्वी खुबा. रक्त तपासल्यावर डॉक्टर तिच्यावरच घसरले, की तुम्ही ऊन घेत नाही आणि गोळ्याही घेत नाही. गोळ्यांचं खरं होतं. त्यांनी तिचं पोट बिघडायचं, म्हणून ती त्या बशीखाली सरकवून ठेवायची आणि एवाल्ड काणाडोळा करायचा. पण उन्हाचं ऐकून तो भडकला. "माझी बायको दिवसभर उन्हात असते! तुमचं यंत्र तपासा आधी!" असं म्हणून त्याने डॉक्टरच बदलला. नव्या डॉक्टरनेही तेच सांगितलं, तेव्हा हल्लीचे डॉक्टरच तसले, असा निकाल दिला.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मारलिसला सोबत हवी झाली. तिची मागणी अगदी स्पष्ट होती. "कुत्रं मला ओढून पाडेल. मांजर कंटाळून निघून जाईल. मला माझ्यासारखं, तासन्‌तास उन्हात बसून राहणारं काहीतरी आणा."

मी तिच्याकडे एर्नाला घेऊन गेले. एर्ना म्हणजे सरडी. तळहाताहून थोडी मोठी, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी, रंग वाळूचा. आमच्या मंडळातल्या एकाकडे अंडी उबली होती, त्यातली ही एक. मंडळ म्हणजे सरडे, कासवं, साप पाळणाऱ्यांचं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी खानावळीच्या मागच्या खोलीत जमतो. माझ्याकडे स्वतःच्या दोन पाली आहेत, पाळलेल्या. हसायचं असेल तर हसून घ्या, माझ्या बहिणी अजून हसतात.

मारलिसने एर्नाला मांडीवर घेतलं. एर्नाने एक डोळा मिटला, दुसरा तिच्यावर रोखला आणि पोट पसरून सपाट झाली. "हिला कळतं," मारलिस म्हणाली. तेवढं बोलून तिने विषय संपवला, आणि घर बांधायचं काम एवाल्डवर येऊन पडलं.

एवाल्ड कुठलंही काम अर्धवट करत नाही. तो थेट मंडळात आला, वही घेऊन, आणि त्याने पहिला प्रश्न टाकला, "सरडीला दिवा कुठला?"

हे असं विचारणं म्हणजे लग्नघरात भाजीत मीठ किती, असं विचारण्यासारखं. सगळे एकदम बोलायला लागले. ब्रुगेमान आमचा अध्यक्ष. बायकोला लग्नाची तारीख विचारावी लागते, पण दिव्यांचे वॉट तोंडपाठ. त्याने मग टेबलावर ठोकून सगळ्यांना गप्प केलं.

"हे बघ एवाल्ड, हिला दोन गोष्टी लागतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक ऊब. एका टोकाला दगड, वर हॅलोजनचा दिवा, दगडावर चाळीस अंश. दुसऱ्या टोकाला पंचवीसच. म्हणजे तापलं की ती आपणहून सरकेल. कळलं?"

"कळलं. माझी आईही शेगडीपाशी तशीच सरकायची."

"दुसरी गोष्ट अतिनील किरणं. ती तुला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. त्यासाठी निराळी नळी, डब्यावर यूव्हीबी लिहिलेली. ती किरणं अंगावर पडली तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. नाहीतर कितीही चारलंस तरी हाडं मऊ पडतात."

"एकच दिवा दोन्ही कामं करणारा नाही?"

"आहे. पण मग ऊब कमी करायला गेलास की किरणंही कमी होतात. वेगवेगळे घे. आणि नळी वर्षाने बदल. ती पेटत राहते, पण आतली किरणं संपलेली असतात."

"म्हणजे उजेड आहे, पण त्यात काही नाही?" एवाल्ड पेन्सिल थांबवून म्हणाला. त्याला हे पटेना. चव्वेचाळीस वर्षं ज्या गोष्टीचा धंदा केला तिच्यात न दिसणारं आणखी काही असतं, याचा त्याला रागच आला असावा. "असं कसं? उजेड म्हणजे उजेड."

"तुझ्याशी कोण वाद घालणार," ब्रुगेमान म्हणाला आणि त्याने बटाट्याचं सॅलड पुढे ओढलं.

तरी एवाल्डने सगळं तंतोतंत केलं. सर्वांत चांगली नळी आणली, मागे चकचकीत परावर्तक, नळीपासून दगड बरोबर तीस सेंटिमीटर. तीन तापमापकं लावली. दोन महिने खपून त्याने जे घर बांधलं ते बघायला आम्ही रांग लावून गेलो. कडा अशा घासलेल्या की बोट फिरवलं तर लोणी वाटावं. आणि सगळ्यात देखणं म्हणजे छत. इतरांच्या घरी दिव्याखाली तारेची जाळी असते, म्हणजे सरडा उडी मारून दिव्याला चिकटत नाही. एवाल्डने जाळीकडे पाहून नाक मुरडलं. "कोंबड्यांचं खुराडं आहे का हे?" त्याने दिव्यांच्या खाली छताला एक सलग, पक्की भाजलेली, उष्णतेने न तडकणारी काच बसवली. कडेने हवेला फटी ठेवल्या. खाली तापमापक चाळीस दाखवत होतं. उजेड लख्ख. मी वाकून वर पाहिलं, तर मधे काही आहे हेच कळत नव्हतं.

"बघ, काही अडतंय का?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. मीही म्हणाले, हे लक्षात ठेवा.

एर्नाचा दिवस मजेत चालला होता. सकाळी घरात दिव्याखाली, दुपारी व्हरांड्यात मारलिसच्या मांडीवर उन्हात. कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे, गाजराचा कीस, डँडेलियनची फुलं. मारलिस तिला वर्तमानपत्रातल्या मयतांच्या बातम्या वाचून दाखवायची.

मार्चमध्ये एर्नाची तब्येत बिघडली. आधी बोटं थरथरायला लागली. मग रातकिडा समोरून गेला तरी ती नुसती बघत राही. एप्रिलमध्ये मारलिसने मला बोलावलं आणि म्हणाली, "रोसविता, हिच्या हनुवटीला हात लाव." मी लावला. जबडा रबरासारखा वाकला.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, पण पक्की होती. "पाव्लिकसाहेब, हाडं मऊ झाली आहेत. मी इंजेक्शनं देते, पण ती पुरणार नाहीत. हिला कॅल्शियम मिळत नाहीये, किंवा किरणं मिळत नाहीयेत. दोन-तीन आठवड्यांत कारण सापडलं तर वाचेल. नाही सापडलं तर हिला खाताच येणार नाही."

"किरणं मिळत नाहीत?" एवाल्ड कडाडला. "बाई, घरात नळी, दुपारी चार तास ऊन! तुम्ही एकदा येऊन बघा तरी!"

ती आली नाही, पण आम्हाला चैन पडेना. नळी खराब असेल म्हणून त्याने नवी आणली. तिने फरक पडला नाही, तेव्हा तिसरी आणली, आणखी जोरदार. पूड बदलली. एर्ना तशीच. आता ती मांडीवर चढतानाही कोपर टेकून चढायची. मारलिस तिच्याकडे बघायची आणि स्वतःच्या काठीकडे बघायची.

आमच्या मंडळाकडे किरणं मोजायचं एक यंत्र आहे. हातात मावेल एवढं, टीव्हीच्या रिमोटसारखं. महाग असल्यामुळे सगळ्यांत मिळून एकच, आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे. रीत अशी, की मी पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी जायचं, मोजायचं, यजमानाने केक खिलवायचा, आणि पुढच्या शुक्रवारी बैठकीत आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ज्याचा आकडा वाईट त्याची मग वर्षभर टिंगल. ब्रुगेमानच्या घोरपडीला एकदा शून्य पूर्णांक चार निघाला होता, तर आम्ही त्याच्या वाढदिवसाला मेणबत्ती दिली.

एवाल्डने आपली पाळी दोनदा टाळली होती. आता मी तिसऱ्यांदा विषय काढला तर म्हणाला, "माझ्या घरात उजेड मोजायला येणार? तू? पोस्टात माझ्याच काचेमागे बसून तुझे डोळे शाबूत राहिले!"

"सरडी मरतेय, एवाल्ड."

"मला दिसत नाही का ते?" आणि त्याने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी मारलिसचा फोन आला. एवढंच म्हणाली, "शनिवारी बाराला ये. चीजकेक करतेय. ते यंत्र पिशवीत घालून आण."

मे महिना, आभाळ निरभ्र. मी गेले, कपाळ सांभाळून. एवाल्डने पिशवीकडे पाहिलं, मारलिसकडे पाहिलं, आणि गुमान बाजूला झाला. त्या घरात ती महिन्यातून एकदाच हुकूम सोडते.

मी आधी यंत्र नळीपाशी, काचेच्या वर धरलं. आकडा झरझर चढला. मग काचेच्या वरच, पण बाजूला दगडाइतक्या अंतरावर सरकवून पाहिलं तर तीन पूर्णांक आठ.

"झालं?" एवाल्ड म्हणाला. "सरडीला हवं तेवढंच. लिहून घे आणि शुक्रवारी ओरडून वाच."

मग मी हात आत घातला, काचेच्या खाली, दगडावर, एर्ना बसते तिथे.

शून्य.

मला वाटलं बोट चुकीच्या बटणावर पडलं. परत धरलं. शून्य. वर काढलं, तीन पूर्णांक आठ. खाली, शून्य. मधे होती फक्त ती काच, जी मला दिसलीच नव्हती.

"यंत्र बिघडलंय," एवाल्ड म्हणाला.

"मग चल बागेत."

बागेत यंत्राने पाच पूर्णांक दोन दाखवलं. एवाल्डने ते माझ्या हातातून हिसकावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण यंत्राकडे बघता बघता तो कुठेतरी विरला आणि त्याची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. तो आत गेला आणि नमुन्यांची जुनी लाकडी पेटी घेऊन आला. मग हिरवळीवर गुडघे टेकून एकेक काच यंत्रावर धरायला लागला. खिडकीची चार मिलीमीटर, शून्य. दुहेरी, शून्य. दुकानाच्या दर्शनीची जाड, शून्य. फोटोच्या फ्रेमची, कागदासारखी पातळ, तिला कुठे शून्य पूर्णांक दोन.

"रोसविता, बघ तरी," तो म्हणाला. त्याचा आवाज चक्क कुतूहलाचा होता. "ऊब जाते. उजेड जातो. आणि हे तिसरं दारातच अडतं. चव्वेचाळीस वर्षं हातात घेतोय मी हिला, आणि हिने मला एकदाही सांगितलं नाही."

"ब्रुगेमानला पण माहीत असायला हवं होतं."

"ब्रुगेमानच्या घरी जाळी आहे. त्याला कशाला कळेल? ही चूक करायला माझ्या काचेइतकी चांगली काच पाहिजे." आणि तो हसला, खरंच हसला. कारण सापडलं होतं. एर्ना वाचणार होती. छताची काच काढायची, खुराड्याची जाळी लावायची, बस.

आम्ही व्हरांड्यात मारलिसला सांगायला आलो. ती वेताच्या खुर्चीत, मांडीवर एर्ना, दोघींच्या अंगावर लख्ख ऊन. एवाल्ड शाळकरी पोरासारखा भडाभडा सगळं सांगत सुटला. वर तीन पूर्णांक आठ, खाली शून्य, बागेत पाच पूर्णांक दोन. मारलिसने पूर्ण ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. एवाल्डने यंत्र तिच्या हातात दिलं. तिने ते स्वतःच्या गुडघ्यावर, त्या लख्ख उन्हात ठेवलं आणि चष्मा लावून वाचलं.

"शून्य," ती म्हणाली.

"म्हणजे एवाल्ड, माझंही शून्यच का रे? एवढी वर्षं?"

तिच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. ती नुसतं विचारत होती. एवाल्डचा चेहरा राखेसारखा झाला. तो दाराच्या चौकटीला टेकला. मी मूर्खासारखी म्हणाले, की हाडं पातळ व्हायला शंभर कारणं असतात, वय असतं, गोळ्याही तू घेतल्या नाहीस. हे सगळं खरं आहे. आणि त्या वेळी त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"ते डॉक्टर," एवाल्ड म्हणाला. "दोन्ही डॉक्टर."

मग तो गेला. मला वाटलं रडायला गेला. पण तो तळघरातून काच उचलायच्या रबरी मुठी घेऊन आला, ज्या काचेला चिकटतात. बरोबर सुरी आणि हातोडी. "रोसविता, कोट काढ. मारलिसला शाल दे." त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने एकट्याने उचलायचं ते वजन नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूने धरलं. पट्ट्या सुटल्या, कडेचं रबर कापलं, आणि मधली सगळ्यात मोठी काच, मारलिसच्या खुर्चीसमोरची, आम्ही दोघांनी हळूहळू चौकटीतून काढली आणि भिंतीला लावून ठेवली. तिच्यावर माझ्या दहाही बोटांचे ठसे उमटले होते. त्याने पुसले नाहीत.

एवाल्डचा एक नियम होता. संध्याकाळी रिकामी चौकट सोडून घरी जायचं नाही, मग मध्यरात्र होवो. त्या शनिवारी त्याने चौकट रिकामी सोडली. रात्रीपुरती खालून वर ओढायची एक ताडपत्री लावली, तीही दुसऱ्या दिवशी. एर्नाच्या छताला त्याच संध्याकाळी जाळी लागली होती.

मी जूनच्या शेवटी पुन्हा गेले. मारलिस व्हरांड्यात, डोक्यावर हॅट, बाह्या कोपरापर्यंत वर. बशीत गोळी होती, आणि मी बघत असताना तिने ती पाण्याबरोबर घेतली. थोडी खोकत होती. "खोकू दे," ती म्हणाली. एर्ना तिच्या गुडघ्यावर मान ताठ करून बसली होती. मी कौतुकाने तिच्या हनुवटीला बोट लावायला गेले, तर तिने कचकन चावा घेतला. रक्त आलं. कुणी चावल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आम्ही केक खाल्ला. हल्ली एवाल्ड गप्पच असतो, "उजेड बसवतो" हे वाक्य त्याच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलेलं नाही. निघायच्या आधी मी चौकटीपाशी उभी राहून बागेकडे बघत होते. मी बाजूला झाले तसा तो उठला, खिशातून पिवळं फडकं काढलं, आणि माझ्या श्वासाची वाफ बसली असेल तिथे पुसायला गेला. सवयच ती. हात आरपार बाहेर गेला.

तो तसाच उभा राहिला, कोपरापर्यंत हात बाहेर, मुठीत फडकं. मारलिस त्याच्याकडे बघत होती.

"काही अडतंय का?" तिने विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि मग तो रडला.